आमराईतली आणेवारी

आमच्या आजीने बालाघाटला कधी बालाघाट म्हटलं नाही. ती म्हणायची, बुऱ्हा. "कागद घेऊन बुऱ्ह्याला जा, साहेबाला दाखव," असं ती माझ्या वडिलांना सांगायची, तेव्हा लहानपणी मला वाटायचं की बुऱ्हा हे कुणा म्हाताऱ्या माणसाचं नाव असावं. पुढे कळलं, जिथे जिल्ह्याचं ठाणं झालं त्या गावाचं जुनं नावच ते. १८६७च्या सुमारास भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी हा जिल्हा केला, आणि बुऱ्ह्याचं बालाघाट झालं. आजी जन्मली तोवर त्या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली होती. पण तिने ते नाव तिच्या आईकडून घेतलेलं, आणि आईकडून घेतलेली वस्तू ती सहसा टाकत नसे.

झाडांच्या नावांचंही तसंच होतं.

कटंगीहून बैलगाडीने तासाभरावर आमचं गाव. कटंग म्हणजे काटेरी, जाड पेरांचा बांबू. त्याची बनंच्या बनं इथे होती, त्यावरून कटंगी, असं आजा सांगायचा. आजा बऱ्याच गोष्टी अशा सांगायचा की जणू त्या वेळी तो तिथे उभाच होता. आम्ही पोवार. आमचे पूर्वज धारहून निघाले, नगरधनला आले, तिथून वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले. नागपूरकर भोसल्यांच्या चिमणाजीबरोबर कटकच्या मोहिमेवर गेले आणि त्याचं बक्षीस म्हणून ही पडीक जमीन मिळाली. ही गोष्ट त्याच्याकडून ऐकताना कटकच्या वाटेवरचा चिखलसुद्धा दिसायचा. मोठेपणी इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत जवळपास हीच हकिकत वाचली. आजाने ती पुस्तकं पाहिलेली असणं शक्य नाही. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

तर त्या पडीक जमिनीत पोवारांनी काय केलं, तर पाणी अडवलं. बांध्या घातल्या, बोड्या बांधल्या, धान लावलं. आणि बोडीच्या पाळीला लागून आंबे लावले. आमची आमराई चोवीस झाडांची. ती आजाच्या आजाने लावली असं वडील म्हणायचे. आत्या म्हणते, नाही, आजाच्या बापाने, आणि तेही दोन खेपांत. दोघांपैकी कुणाचं खरं ते झाडांनाच ठाऊक.

प्रत्येक झाडाला नाव होतं. शेंदऱ्या, खोबऱ्या, केळ्या, लाडू, दह्या, शेपू. शेपूला खरोखरच शेपूच्या भाजीचा वास यायचा, आणि म्हणून तो आम्हा पोरांना नको असायचा, पण लोणच्याला आजीला तोच लागायचा. गोटी नावाच्या झाडाची फळं एवढी लहान की गालात एक ठेवून बोलता यायचं. एक होता बामन्या, तो दरवर्षी सगळ्यांत आधी पिकायचा. आणि एक होती सासू. ती एक वर्ष भरभरून द्यायची आणि पुढची दोन वर्षं तोंड फिरवायची. झाडाला सासू म्हणताना आजी हसायची नाही. तिची सासू तशी होती म्हणे.

अक्तीच्या आधी आंबा तोंडी लावायचा नाही, हा घरचा नेम. अक्षय तृतीयेला आम्ही अक्ती म्हणतो. त्या दिवशी पितरांच्या पानावर पहिला आंबा, मग आमच्या. चिन्नोरचा भात असायचा. बालाघाटच्या त्या तांदळाला आता, २०२१ मध्ये, भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा मानांकन म्हणजे एवढंच, की शेजारच्या घरात चिन्नोर शिजला की आमच्या ओसरीवर कळायचं. सोबत सुवाऱ्या, उडदाचे बडे, आणि पितळी गंजात पिळलेला रस. रस पिळून झाल्यावर कोयी आम्हाला. कोय चोखून पांढरीफट्ट झाली की आजी ती परत मागून घ्यायची, धुवायची, माळ्यावर वाळत घालायची.

तेव्हा ते फार विचित्र वाटायचं. आंबे एवढे असताना कोयी कशाला जपायच्या? एकदा विचारलं तर म्हणाली, "छप्पनच्या सालात माझ्या मायच्या मायनं ह्याचंच पीठ खाल्लं, म्हणून मी हाओ." छप्पन म्हणजे संवत १९५६, आपलं १८९९-१९००. त्याआधी दोन-तीनच वर्षांमागे, १८९६-९७ साली, एक दुष्काळ होऊन गेला होता आणि आमच्या भागाला त्याचा मार फार बसला होता. लागोपाठ हे दोन. धान नाही, कोदो-कुटकी नाही. लोकांनी मोहफुलं उकडून खाल्ली, कंद खणले, आंब्याच्या कोयी फोडून आतला गर दळला, तुरटपणा जावा म्हणून पाण्यात घातला आणि त्याच्या भाकरी थापल्या. आजीने स्वतः यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं, तरी तिचा माळा दरवर्षी कोयींनी भरायचा आणि पावसाळ्यात त्या कुजायच्या.

आमराईचं लग्नही झालं होतं. ही गोष्ट मला आत्याने सांगितली. झाडं लावणाऱ्याने आमराईचं लग्न लावल्याशिवाय तिचं फळ चाखायचं नाही. नवरा आंबा, नवरी चिंच. आमच्या बोडीच्या टोकाला जी चिंच आहे ती नवरी. मांडव घातला, हळद लागली, गावजेवण झालं. मला वाटायचं आत्या रंगवून सांगते. पण जबलपूरकडे ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याच्या १८४४च्या पुस्तकात नर्मदेच्या बाजूची हीच चाल लिहिलेली आहे, आंबा आणि चिंचेसकट. एवढा खर्च करून लोक झाडं का लावतात, याचं त्याला नवल वाटलं होतं. झाडं लावणारा मरून जाईल आणि सावलीत दुसरेच बसतील, हे लावणाऱ्याला ठाऊक असतं, आणि नेमकं त्यासाठीच तो लावतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

आता मालगुजारीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या आजाची गावात दोन आण्यांची मालगुजारी होती. सोळा आणे म्हणजे अख्खं गाव, त्यात दोन आणे आमचे. मध्य प्रांतात इंग्रजांनी गावाच्या पाटलांना मालगुजार करून जमिनीचे मालक केलं, आणि गावाच्या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहून ठेवल्या. जळणाला लाकूड कुठून घ्यायचं, गुरं कुठे चरायची, बोडीतली मासोळी कुणी धरायची, फळ कुणाचं, हे सगळं. याला निस्तार म्हणायचं. हा शब्द आमच्याकडे अजून चालतो. मालगुजार मालक असला तरी निस्तार गावाचा.

आमराईलाही आजा आण्यांतच मोजायचा. निम्म्याहून जास्त वाटा घरचा. राखणदाराला दोन झाडं. एक झाड गुराख्याचं, एक कोतवालाचं, एक देवीच्या ठाण्याचं. आणखी कुणाकुणाचं. वाऱ्याने खाली पडलेला आंबा ज्याला सापडेल त्याचा, मग झाड कुणाचंही असो. रात्री वादळ झालं की पहाटे अंधारात कंदील घेऊन सगळं गाव आमराईत यायचं आणि कुणी कुणाला हटकायचं नाही.

मी हे प्रेमाने सांगते आहे, पण त्या काळाला नुसताच गोड रंग द्यावा असं मला वाटत नाही. त्या चोवीस झाडांचे खड्डे ज्यांनी खणले, बोडीतून कावडीने पाणी आणून ज्यांनी ती जगवली, ते आमच्या घरचे नव्हते. ती बेगार होती. आजीने हे एकदा फार साध्या आवाजात सांगितलं होतं: "आंबे वाटत नव्हतो आपण, मजुरी देत होतो. उशिरा." त्या वेळी मी ते ऐकून सोडून दिलं. आता आठवतं.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ला गेली. आदल्या वर्षीच्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले, पण कागदोपत्री नावावर असलेल्या आमराया ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. आजाचे दोन आणे गेले आणि चोवीस झाडं राहिली. तो खचला नाही, असं वडील सांगायचे. आत्या सांगते, खचला होता, महिनाभर आमराईतच खाट टाकून झोपायचा. मग पाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यंच बदलली. नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आजीचं माहेर तुमसरकडचं. तिच्यासाठी बावनथडीच्या पलीकडे एका रात्रीत दुसरं राज्य झालं. ती म्हणायची, "नदी तीच, डोंगा तोच." तिच्या तोंडची झाडीपट्टीची मराठी काही बदलली नाही, आणि तिच्यामुळे आमच्याही घरात ती टिकली.

आत्या मुंबईला दिलेली. फुफाजी भायखळ्याजवळच्या एका गिरणीत कारकून होते. १९६९च्या उन्हाळ्यात, मी नऊ वर्षांची असताना, आजी मला घेऊन मुंबईला गेली. तिच्या आयुष्यातली ती एकच मुंबई. कटंगीला तेव्हा छोटी लाईन संपायची आणि मोठी लाईन तिरोडीला, मँगनीजच्या खाणीपाशी, सुरू व्हायची. मधल्या पंधरा-एक किलोमीटरला रूळ नव्हते. ते आता कुठे, इतक्या वर्षांनी, जोडले गेले. आम्ही तिरोडीपर्यंत बसने, तिथून तुमसर रोड, मग नागपूर, मग मुंबईची गाडी. आजीच्या मांडीवर एक वेताची टोपली, पेंढ्यात लाडूचे आणि शेंदऱ्याचे आंबे. भुसावळला पिकलेल्या आंब्यांचा वास डब्यात पसरला आणि एका अनोळखी बाईच्या रडणाऱ्या लेकराला आजीने त्यातला एक दिला, एवढं स्वच्छ आठवतं. मुंबईचं पहिलं दर्शन मात्र अजिबात आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी फुफाजी आम्हाला राणीच्या बागेत घेऊन गेले. आजीला वाटलं, राणी म्हणजे नागपूरची बाकाबाई. तिच्या लहानपणी बाकाबाईच्या गोष्टी सांगत: राज्य १८५४ला खालसा झालं, हत्ती-घोडे आणि दागदागिने लिलावात निघाले, आणि म्हातारी राणी वाड्यात बसून ते पाहत राहिली. फुफाजींनी सांगितलं, ही राणी इंग्रजांची, व्हिक्टोरिया. आजीचा विरस झाला. दाराच्या आत घोड्यावर बसलेल्या इंग्रज राजाचा काळा पुतळा होता. तो चारच वर्षांपूर्वी काळा घोड्याच्या चौकातून उचलून इथे आणला होता. घारापुरीहून आणलेला दगडी हत्तीही होता. मी वाघाच्या पिंजऱ्याकडे ओढत होते. आजीने वाघाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडच्या बायांना वाघाचं कौतुक नसतं.

ती झाडांपाशी थांबत होती. कैलासपतीच्या खोडालाच लागलेली फुलं बघून तिने हात जोडले. गोरखचिंचेच्या बुंध्याभोवती ती एक अख्खा फेरा मारून आली. मग फुफाजींना म्हणाली, "जावईबापू, हे झाडं कोणाचे हायेत?"

"महापालिकेचे."

"राखते कोण?"

"माळी आहेत ना, पगारी."

"आन् फळ कोणाचं?"

फुफाजी फार हुशार माणूस. गिरणीतल्या सगळ्या खात्यांचे हिशेब त्यांना तोंडपाठ. पण या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं ते हा प्रसंग सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "सासूबाईंनी बरोबर खातं विचारलं होतं."

त्या बागेचा इतिहास मला नंतर कळला. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी-उद्यान मंडळाची बाग आधी शिवडीला होती. ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी घेतली, म्हणून माझगावच्या बाजूला नवी बाग केली. १९ नोव्हेंबर १८६२ला गव्हर्नर फ्रियरच्या बायकोने ती उघडली. १८७३मध्ये ती नगरपालिकेकडे आली. जनावरं पुढे आली. आधी झाडं, मग वाघ, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच झालं.

गिरण्यांचा संप १९८२चा. फुफाजींची गिरणी काही परत नीट सुरू झाली नाही. त्या बेकारीच्या दिवसांत ते सकाळी बागेत जाऊन बसायचे. घरात बसलं तर आत्याच्या तोंडाकडे बघवत नाही, असं एकदा माझ्या वडिलांना लिहिलेलं पत्र मी वाचलं आहे. ते गेल्यावर आत्या जाऊ लागली, त्याच बाकावर. बागेला तोवर वीरमाता जिजाबाई भोसल्यांचं नाव मिळालं होतं. आत्या म्हणे, "माय असती तर खूश झाली असती. शेवटी भोसल्यांचीच झाली."

२००७मध्ये महापालिकेने आराखडा पुढे आणला: बागेचं परदेशी धर्तीचं प्राणीसंग्रहालय करायचं, खर्च ४३३ कोटी. आत्याने फोनवर सांगितलं तेव्हा ती भांडायला उठल्यासारखी बोलत होती. बागेच्या बाजूने जी मंडळी उभी राहिली, त्यांचं म्हणणं एवढंच, की ही आधी वनस्पतींची बाग आहे. पिंजरे, तळी, काचा, रस्ते यांच्यासाठी खणायला लागलात तर शंभर-दीडशे वर्षांच्या झाडांची मुळं कुठे जातील? आणि त्यांनी फार मोठं काम केलं. झाडं मोजली. नावासकट. २८६ जातींची ३,२१३ झाडं. उर्वशी, सीता-अशोक, कृष्णवड, पुत्रंजीव, सगळी कागदावर आली. शहराच्या वारसा समितीनेही हरकती घेतल्या, आराखड्याला कात्री लागली, आणि झाडं बहुतेक वाचली.

दुसऱ्या बाजूचंही मला सांगायला हवं, कारण आत्याच्या चाळीतच तिचा विरोध होता. लोक म्हणत, जुन्या पिंजऱ्यांतल्या जनावरांचे हाल तुम्हाला दिसत नाहीत का? आमच्या पोरांनी सिंगापूरला जायचं का प्राणी बघायला? यात चूक काही नव्हतं. मीच नव्हते का वाघाकडे ओढत? २०१६मध्ये आठ पेंग्विन आले, पुढच्या वर्षी त्यांचं दालन उघडलं, आणि अशी गर्दी झाली की आत्याला तिचा बाक मिळेना. त्याच वर्षी तिकीट पाच रुपयांचं पन्नास झालं. सकाळी फिरणाऱ्यांची व्यवस्था निराळी होती, पण आत्याच्या मनात ते पन्नास फार रुतले. ती म्हणाली, "गिरणी बंद होती तेव्हा पन्नास असते तर तुझे फुफाजी कुठं बसले असते वं?"

मला वाटतं, या साऱ्या भांडणाबद्दल मी जे काही वाचलं-ऐकलं, त्यातलं सगळ्यांत खरं वाक्य हेच आहे. झाडं वाचली की नाही, हा अर्धा प्रश्न. त्या झाडाखाली कुणाला, काही न विचारता, बसता येतं, हा उरलेला अर्धा. आजीने १९६९ला तेच विचारलं होतं.

२०२१ला नागपुरातही असंच उठलं. अजनीच्या जुन्या रेल्वे वसाहतीत मोठं स्थानक संकुल व्हायचं होतं, झाडं जाणार होती. तोवर त्या जागेला सगळे रेल्वे कॉलनी म्हणत. झाडं जाणार म्हटल्यावर लोक 'अजनी वन' म्हणायला लागले. नाव दिलं आणि जागा निराळी दिसू लागली. माझा पुतण्या तेव्हा नागपुरात नोकरीला, तोही दोन रविवार तिथे जाऊन आला होता. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात त्याने आमच्या आमराईचा आराखडा टेबलावर पसरला तेव्हा मला आश्चर्य वाटलं.

बागच करायची आहे त्याला. आजाच्या नावाने. कुणाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. जांभ्या रंगाच्या फरशीची पायवाट, हिरवळ, झोके, रात्रीला दिवे, भोवती तारेचं कुंपण आणि बोडीच्या बाजूला एक फाटक. देखभालीसाठी दहा रुपये. त्याच्या मनात वाईट काही नाही, आणि मी त्याला तसं बोललेही नाही. मागच्या काही वर्षांत रात्रीतून दोन मोठ्या फांद्या कापून नेल्या, बोडीच्या पाळीवर दारूच्या बाटल्या फुटलेल्या असतात, सासू वाळत चालली आहे. राखणदार आता कुणी नाही. "असंच ठेवलं तर दहा वर्षांत काही उरणार नाही, मोठी बाई," असं तो म्हणाला, आणि ते खरं आहे.

गावातही बैठक झाली, शाळेच्या ओट्यावर. पोरं सगळी त्याच्या बाजूने, झोके आणि दिवे कुणाला नको असतात? एक म्हातारे म्हणाले, दहाव्याला आम्ही बोडीवर तिथूनच जातो, तिकीट काढून जायचं का? एक बाई म्हणाली, "माझी म्हैस कुठून जाईन?" कुणी हसलं, पण ती विनोद करत नव्हती. दुसरी म्हणाली, बगीचा होऊ द्या, निदान पोरींना सायंकाळी उजेडात बसता येईल, आता तिकडे जायची सोय आहे का? मी तिच्याकडे बघत राहिले. तिचंही खरं होतं. आमच्या काळी आमराईत कोण बसायचं, हे मी आठवून पाहिलं. सायंकाळी फक्त पुरुष बसायचे.

बैठकीत ठरलं काहीच नाही. घरी आल्यावर मी पुतण्याला म्हटलं, आधी झाडं लिहून काढू. राणीच्या बागेतल्या लोकांनी केलं तसं. कोणतं कुठे, नाव काय, वाटा कुणाचा. त्याने लॅपटॉप उघडला, मग बंद केला आणि वहीच घेतली. दोन दिवस आम्ही उन्हातान्हात फिरलो. शेंदऱ्या, खोबऱ्या, केळ्या, लाडू, दह्या, शेपू, गोटी, बामन्या, सासू. काही मला आठवली, काही शेजारच्या काकींना. देवीच्या ठाण्याचं झाड कोणतं यावर थोडी वादावादी झाली. तेवीस झाली. चोवीसावं, बोडीच्या वळणावरचं, खोड एका बाजूला झुकलेलं, त्याचं नाव कुणालाच सांगता येईना.

रात्री आत्याला फोन लावला. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. मी ओरडून सांगत होते, वळणावरचं, वाकडं, बोडीत सावली पडते ते. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "त्याले नाव नव्हतं वं. ते दाईचं."

"दाईचं म्हणजे?"

"दाईले दिलेलं झाड. तिचे आंबे आपण कधी उतरवले नाही. तूबी तिच्याच हातची, मीबी तिच्याच सासूच्या हातची."

पुतण्याने वहीत चोवीसच्या पुढे लिहिलं: दाईचं. मग आराखड्याचा कागद ओढून घेतला आणि त्यावर बोट फिरवत बोडीच्या वळणापाशी आला. फाटक त्याने नेमकं तिथेच काढलेलं होतं. कागदाकडे बघतच त्याने मला विचारलं, "मोठी बाई, दाईच्या घरचं आता गावात कोण आहे?"